एक्स्ट्रा आयटम

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, सार्वजनिक बांधकाम खात्यातून २०१८ साली निवृत्त झाले, अशी सरकारदरबारी नोंद आहे. प्रत्यक्षात तसं काही झालेलं नाही. निरोपाची शाल आणि नारळ घेऊन ते साताऱ्याच्या घरी आले, शाल माईंच्या हातात दिली, नारळ देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पडवीत टेबल टाकून बसले. तेव्हापासून ते दोन मजली घर हा त्यांचा उपविभाग आहे. सासूबाई, म्हणजे माई, ही लेखाशाखा. जावई हा पाहुणा अधिकारी, त्याला चहा द्यायचा आणि फायली दाखवायच्या नाहीत. आणि मे महिन्यात आमची दोन मुलं तिथे सुट्टीला येतात, ते ठेकेदार.

मुलं ठेकेदार कशी झाली, ते सांगायला हवं. पुण्यात आमच्या घरी एक साधी पद्धत होती. मूल रडलं की वस्तू यायची. मोठ्यांदा रडलं तर त्याच दिवशी, हळू रडलं तर आठवड्याभरात. त्याच सवयीने बंटीने साताऱ्यात पोचल्या पोचल्या रिमोटच्या गाडीसाठी सूर लावला. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला.

"पैसे कुणाचे?"

"बाबांचे."

"बाबांना कशाबद्दल मिळतात?"

बंटीने विचार केला. आठ वर्षांचा मुलगा, खोटं बोलायची अजून नीट सवय नाही. "लॅपटॉपकडे बघण्याबद्दल," तो म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी काय काम करतो हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी समजेल असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला आतून फुलस्केप कागद चिकटवलेला. निळी शाई, डावीकडे समास, वर जावक क्रमांक. विषय : सुट्टीतील घरकामांबाबत. संदर्भ : चि. बंटी यांची तोंडी मागणी. खाली दोन परिशिष्टं. परिशिष्ट 'अ' म्हणजे मूळ कामे : स्वतःचं अंथरूण काढणे, जेवलेलं ताट मोरीत नेऊन ठेवणे, आंघोळीनंतर बादली पालथी घालणे, चपला जोडीने ठेवणे, माईंनी हाक मारल्यास पहिल्या हाकेला ओ देणे. यापुढे दराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरंक'. परिशिष्ट 'ब'चं शीर्षक होतं, 'एक्स्ट्रा आयटम'.

हा शब्द बांधकाम खात्यात देवाच्या नावासारखा घेतला जातो. अंदाजपत्रक करताना जे धरलेलं नसतं आणि पाया खणताना जे निघतं, पाषाण, झरा, कुणाचं तरी जुनं थडगं, ते सगळं एक्स्ट्रा आयटम. त्याचा दर वेगळा ठरतो, त्याची मंजुरी वेगळी निघते. "ठेकेदार मूळ कामावर जेवतो आणि एक्स्ट्रा आयटमवर बंगला बांधतो," असं अण्णा सांगतात. त्यांचा स्वतःचा बंगला एक्स्ट्रा आयटमवर झालेला नाही. तो सोसायटीच्या कर्जावर झाला, आणि वरचा मजला सासूबाईंच्या पाटल्यांवर. कुणा ठेकेदाराचा चहासुद्धा न घेतल्यामुळे अण्णांची नोकरी अक्कलकुवा, सुरगाणा, एटापल्ली आणि मग पुन्हा अक्कलकुवा अशी रम्य ठिकाणी पार पडली. माझ्या बायकोने चौथी तीन शाळांत मिळून केली.

परिशिष्ट 'ब'मधले दर असे : अंगण झाडणे, चौरस मीटरला २५ पैसे. रद्दीचा गठ्ठा बांधणे, नगाला ३ रुपये. शेंगा फोडणे, दाण्यांच्या किलोला १५ रुपये. गच्चीवर कुरडया-सांडगे राखणे व कावळे हाकलणे, तासाला ५ रुपये. पंख्याची पाती पुसणे, नगाला ४ रुपये. पण ही ओळ आडव्या रेघेने खोडून बाजूला सही केलेली. कारण मी सहज विचारलं होतं, "अण्णा, हे बालकामगारात नाही ना येत?" माझा विनोद होता. अण्णांनी आत जाऊन चष्मा बदलला आणि मला सांगितलं की १९८६च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झालेली आहे, शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत मुलाने आपल्या कुटुंबाला मदत केलेली चालते, मात्र काम धोक्याचं नको. "स्टुलावर चढणं हे धोक्यात येतं." ओळ खोडली. त्यानंतर पंखे अण्णा स्वतः पुसायला लागले आणि बंटी खाली स्टूल धरून उभा राहायला लागला. स्टूल धरण्याचा दर परिशिष्टात नसल्यामुळे तो एक्स्ट्रा आयटममधला एक्स्ट्रा आयटम ठरला, आणि त्याच्या दराची वाटाघाट पंख्याखालीच, अण्णा वर असताना झाली. बंटीने ती वेळ बरोबर निवडली होती. नगाला २ रुपये मिळाले.

मग आली मोजमाप पुस्तिका. खात्यात हिला 'एम.बी.' म्हणतात आणि ती हरवणं हे बायको हरवण्यापेक्षा गंभीर मानलं जातं. पानांना क्रमांक हवेत. खाडाखोड नाही, रबर नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलं तर आडवी रेघ आणि सही. अण्णांनी दोनशे पानी वहीला हाताने क्रमांक घातले, पहिल्या पानावर 'या पुस्तिकेत २०० पाने आहेत' असं प्रमाणपत्र लिहिलं आणि स्टीलचा टेप घेऊन अंगणात उतरले. बंटी खराटा घेऊन घामाघूम उभा होता.

"सहा गुणिले आठ. अठ्ठेचाळीस," अण्णा म्हणाले. "वजा तुळशीवृंदावन, नव्वद बाय नव्वद."

"मी तुळशीभोवती पण झाडलंय!"

"भोवती झाडलंस. खाली झाडलंस का?"

बंटीने वृंदावनाकडे पाहिलं. उचलता येण्यासारखं नव्हतं.

"सत्तेचाळीस पूर्णांक एकोणीस. अकरा रुपये ऐंशी पैसे. पन्नासच्या वर आहेत म्हणून पूर्ण बारा."

शेंगांचं प्रकरण अधिक नाजूक होतं. किलोभर वाळक्या शेंगांतून सत्तर टक्क्यांच्या आसपास दाणे निघतात हे अण्णा जाणून होते, कारण ते माणदेशातले आहेत आणि शेंगांच्या बाबतीत माणदेशी माणसाला फसवता येत नाही. बंटीने किलोभर शेंगा फोडून डबा आणला तेव्हा काट्यावर ५४० ग्रॅम भरले. अण्णांनी डब्याकडे पाहिलं, मग बंटीच्या गालांकडे. "पाच टक्के गळती मी धरतो. पण ही गळती न्हाई बाळा, हा पाझर तलाव आहे."

सई अकरा वर्षांची. तिची पद्धत वेगळी. तिने पहिले दोन दिवस काहीच काम केलं नाही, फक्त परिशिष्ट वाचलं. तिसऱ्या दिवशी तिने अण्णांना विचारलं, "रद्दीचा गठ्ठा किती किलोचा, ते इथे लिहिलेलं नाही." अण्णा गप्प. त्या दिवशी तिने चाळीस पेपरांचे आठ गठ्ठे बांधले. अण्णांनी चोवीस रुपये लावले, दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक काढलं आणि रात्री जेवताना मला म्हणाले, "पोरगी वकील होणार. नाहीतर ठेकेदार. दोन्हीला सारखाच मेंदू लागतो."

स्कूटर धुण्याचं काम मोठं, अंदाजित रक्कम २० रुपये, म्हणून निविदा निघाली. बी-वन नमुन्यात. बी-टूमध्ये प्रत्येक बाबीला वेगळा दर भरावा लागतो. बी-वनमध्ये अंदाजपत्रकाच्या किती टक्के खाली किंवा वर, एवढंच लिहायचं. हे पोरांना समजावण्यात एक अख्खी दुपार गेली. आमच्या वेळी दुपारी पत्ते खेळत. दोन पाकिटं आली, देवासमोर फोडली. सई दहा टक्के बिलो. बंटी साठ टक्के बिलो. काम बंटीला आठ रुपयांत गेलं. अण्णांनी त्याला बजावलं, "परवडणार न्हाई तुला." बंटी हसला. कारण त्याने शेजारच्या पोराला दोन रुपयांच्या पेप्सीकोल्यावर पोटठेका देऊन टाकला होता, आणि स्वतः झोपाळ्यावर बसून देखरेख करत होता. स्कूटर वरून चकचकीत झाली. अण्णांनी खाली वाकून मडगार्डच्या आत बोट फिरवलं, ते बोट बंटीला दाखवलं आणि दोन रुपये अनामत म्हणून राखून ठेवले.

पुढच्या आठवड्यातल्या निविदेत गंमत झाली. सई दहा टक्के अबोव्ह. बंटी पंधरा टक्के अबोव्ह. दोन्ही पाकिटांवर एकच अक्षर, एकच जांभळं स्केचपेन, आणि बंटीच्या सहीत 'ब'वरचा अनुस्वार नव्हता, म्हणजे सही बंटीची नव्हतीच. तो स्वतःच्या नावात कधी चुकत नाही. ही रिंग होती. या खेपेला तू वर भर, पुढच्या खेपेला मी भरतो. अण्णांनी आयुष्यभर ज्या गोष्टीपायी बदल्या खाल्ल्या ती गोष्ट त्यांच्याच देवघरात, त्यांच्याच नातवंडांनी केली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता बोलणार. पण ते फक्त "निविदा रद्द" म्हणाले आणि संध्याकाळी पेन्शनरांच्या कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना ही हकिगत तीनदा सांगून आले. कट्ट्यावर म्हणे टाळ्या पडल्या.

माझी बायको अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आपल्या वडिलांना विरोध करायची तिची एक ठरलेली पद्धत आहे, ती संशोधन सांगते. तिने सांगितलं की अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली मुलं, चित्रं काढायची आवड असलेली. काहींना आधीच कबूल केलं, चित्र काढा, बक्षीस देऊ. पुढे बक्षीस बंद झाल्यावर त्या मुलांची चित्रांची गोडी कमी झालेली दिसली. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं ती मुलं आधीसारखीच काढत राहिली.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "बक्षीस काय होतं?"

"प्रमाणपत्र. सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं."

"रोख न्हाई?"

"नाही."

"मग पोरांचं बरोबर आहे."

या घरात पैसे मिळवणं सोपं होतं. पैसे हातात पडणं अवघड. बिल तयार व्हायचं, त्यावर चेक मेजरमेंट व्हायचं, 'अदा करण्यास हरकत नाही' असा शेरा पडायचा, आणि कागद माईंकडे जायचा. अण्णांच्या पेन्शनचं पासबुक माईंच्या कपाटात, साड्यांच्या खालून तिसऱ्या घडीत असतं. अण्णांना चपलेचा अंगठा शिवायचा असला तरी तिथे अर्ज करावा लागतो. थोडक्यात अण्णा हे अनुदान नसलेलं खातं आहे. माई बिल वाचायच्या, "बघू उद्या" म्हणायच्या आणि ते पोळपाटाखाली ठेवायच्या. पोरांच्या हातात पैसा देऊ नये, हे त्यांचं पक्कं मत. आणि हे मत असणारी हीच बाई दुपारी सगळे लवंडले की बंटीला खुणेने बोलवायची, पदराच्या गाठीतून दहाची नोट काढायची आणि त्याच्या मुठीत कोंबायची. "खाऊ घे. अण्णांना सांगू नको."

तासभर उन्हात कावळे हाकलले की पाच. माईंचे पाय दहा मिनिटं चेपले की दहा, तेही चेपण्याबद्दल नाहीत. पाय चेपले नाहीत तरी मिळायचेच. मी बंटीला एकदा विचारलं, "पाय चेपायचा दर का नाही ठरवत?" तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "बाबा, दर ठरवला तर माई तेवढेच देईल."

बिलं नऊ दिवस थकली तेव्हा राज्यातल्या ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांच्या बातम्या पेपरात होत्या. सईने बंटीला मथळा मोठ्याने वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी खराटा अंगणात आडवा, गच्चीवर कावळे मोकळे आणि पडवीच्या कठड्याला पुठ्ठा : 'आमची बिले द्या, मगच झाडू हातात घ्या.' यमक सईचं, शुद्धलेखन बंटीचं. अण्णांनी पुठ्ठा वाचला. बराच वेळ वाचला. मग मला हळूच म्हणाले, "जावईबापू, खात्यात असताना मी ठेकेदाराच्या बाजूनं एक शब्द कधी बोललो न्हाई. पण बिल अडकवणं हे पाप आहे." आणि आत जाऊन माईंशी दार लावून बोलले. बाहेर फक्त माईंचा आवाज ऐकू येत होता. तासाभराने सगळी बिलं चुकती झाली. अण्णांच्या दुपारच्या चहातली साखर पुढचे दोन दिवस कमी होती.

मला वाटायचं, हा सगळा अण्णांचा नोकरीनंतरचा खेळ. माणसाला सही करायची सवय लागली की कशावर तरी करावी लागते. एकदा गप्पांच्या ओघात मी माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली. शाळेत स्काऊटमध्ये आम्हाला 'खरी कमाई' असायची. कार्ड घेऊन घरोघर जायचं, पडेल ते काम करायचं, मिळतील ते पैसे कार्डावर लिहून घरमालकाची सही आणायची. मी शेजारच्या काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अरे तू कशाला भांडी घासतोस, आणि दोन रुपये देऊन कार्डावर 'भांडी घासली' लिहून सही केली. मी ही गोष्ट गमतीने सांगत होतो.

अण्णा हसले नाहीत. "म्हणजे तुमची सुरुवातच बोगस बिलानं झाली," ते म्हणाले.

मग त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातलं सांगितलं. माण तालुका, सगळीकडे खडी फोडायची कामं निघालेली. ते बारा वर्षांचे. मजूर म्हणून नाव आईचं, पण शाळा सुटल्यावर हातोडी यांच्याही हातात. सुकडी मिळायची, ती खायची आणि फोडायची. आठवड्याने मुकादम यायचा, मापाची पेटी खडीच्या ढिगात ठेवायचा आणि भरून मोजायचा. पेटी दाबून भरायची की सैल, हे त्याच्या हातात. "आमच्या आईची पेटी दाबून भरायचा," अण्णा म्हणाले. "ती बोलायची न्हाई म्हणून. शेजारचीची सैल." बस्स, एवढंच. पुढे रयतच्या वसतिगृहात राहून, भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'त बागेला पाणी घालून ते शिकले, कऱ्हाडच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि खात्यात लागले, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. आम्हाला ते पाठ आहे. पेटीची गोष्ट मात्र मी पहिल्यांदा ऐकली. माझ्या बायकोनेही.

सुट्टी संपत आली तसा सईचा एक बेत पक्का झाला. पोस्टात बचत खातं काढायला निदान ५०० रुपये लागतात, आणि दहा वर्षांवरच्या मुलाला ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीने काढता येतं. अण्णा तिला घेऊन चौकशी करून आले. व्याज चार टक्के. बंटी आठचा असल्यामुळे त्याचं खातं पालकासह. आणि अर्जावर त्याच्यासारख्यासाठी कायद्याचा शब्द होता 'अज्ञान'. बंटी इतका दुखावला की पोस्टात मोठ्याने ओरडला, "मी अज्ञान नाही, मला सतरापर्यंत पाढे येतात." त्याने त्या क्षणी पोस्टावर बहिष्कार टाकला आणि आपली कमाई मातीच्या गल्ल्यात ठेवली. माझ्यासाठीही अण्णांनी एक आनंदाची बातमी आणली होती : मुलांचं इतर उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण मुलाने अंगमेहनतीने मिळवलेलं मिळवत नाहीत. "तुमच्या रिटर्नला धक्का न्हाई," ते म्हणाले. मी आभार मानले.

सईकडे ४३८ रुपये होते. परवा सकाळी आम्हाला निघायचं होतं आणि पोस्ट उद्याच उघडं होतं. बासष्ट कमी. मी पाकीट काढलं तर तिने असं पाहिलं की मी ते परत ठेवलं. "माईचे चालतील?" तिने अण्णांना विचारलं. "ते कमाईत धरत न्हाईत," अण्णा म्हणाले. "ते प्रेमात धरतात." माईंनी हे ऐकलं आणि मुद्दाम भांडी आपटली.

त्या संध्याकाळी वळीव आला. अण्णा कट्ट्यावर. राखणीची पाळी चारलाच संपलेली. गच्चीवर जुन्या साड्यांवर वर्षाच्या कुरडया : तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून, सोऱ्याने पाडलेल्या. पाऊस कुठल्या डोंगराकडून आला ते बघायलाही वेळ नव्हता. एकदम अंधारलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. माई जिन्याखालून ओरडल्या. पहिल्याच हाकेला दोघं ओ देत वर पळाली. साड्यांची चार टोकं धरून, वाऱ्यात फरफटत, त्यांनी सगळं पत्र्याखाली आणलं. बंटीचा गुडघा फुटला. मी मदतीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझी मदत बहुतेक अशीच पोचते.

अण्णा भिजत आले, हकिगत ऐकली. सईने कपाळावरचं पाणी पुसत विचारलं, "याचा दर?"

"कार्यारंभ आदेश होता का?"

"पाऊस येत होता, अण्णा!"

"आदेशाशिवाय केलेल्या कामाचं बिल निघत न्हाई."

सई काही बोलली नाही. जेवून झोपायला गेली. बंटी गुडघ्यावर हळद लावून घेत "अज्ञान" एवढंच पुटपुटला. कुणाला ते सांगितलं नाही.

रात्री अकराला मला पडवीत दिवा दिसला. अण्णा लिहीत होते. विषय : आपत्कालीन परिस्थितीत केलेल्या कामास कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत. दोन पानी टिपण, दर सुचवलेला नगाला ५० पैसे, तुटलेल्या वगळून. ते घेऊन ते आत गेले, माईंना उठवलं. माईंनी डोळे चोळत वाचलं आणि एकच विचारलं, "मोजल्या?"

बिचाऱ्या लेखाशाखेचं चूक नव्हतं. तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. परातीतून परातीत, एकेक करून. अण्णा मोजायचे, माई घ्यायच्या, मी तुटक्या बाजूला काढायचो. ओलसर कुरडया अलगद धराव्या लागत होत्या. साडेबाराला शेवटची परात संपली. दोनशे एकोणतीस.

"एकशे चौदा पन्नास," अण्णा म्हणाले. "निम्मे सत्तावन्न पंचवीस. पूर्णांकात सत्तावन्न." कुणी बोललं नाही. बासष्टला पाच कमी. अण्णा उठले, टाकीचा व्हॉल्व्ह बघून येतो म्हणाले. रात्री साडेबाराला टाकीत पाणी येत नाही, हे साताऱ्यात लहान पोराला ठाऊक आहे.

ते बाहेर गेल्यावर माई उठल्या. फळीवरचा जुना डबा काढला, झाकण उघडलं, आणि ओंजळीओंजळीने रिकाम्या परातीत काढत गेल्या. मी बघतोय हे त्यांना दिसत होतं. डबा परत फळीवर गेला.

अण्णा आले. "ही परात राहिलीच की," माई म्हणाल्या. "पत्र्याच्या कोपऱ्यात होती."

अण्णा बसले. पहिली कुरडई उचलली. गेल्या वर्षीची, पिवळट पडलेली, डब्याच्या हिंगाचा वास येणारी. बाकीच्या दिवसभराच्या उन्हानेही अजून मऊ होत्या. ही बोटात कडकडीत वाजली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, फिरवून बघितली. मग माईंकडे बघितलं. माई पदराने परातीची कड पुसत होत्या.

"दोनशे तीस," अण्णा म्हणाले, आणि ती अलगद, ओली असल्यासारखी, दुसऱ्या परातीत ठेवली.

"दोनशे एकतीस."

दोनशे अठ्ठेचाळीसला परात संपली. अण्णांनी एम.बी. उघडली, टोपण काढलं, आकडा लिहिला. खाडाखोड नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"साक्षीदार म्हणून इथं, जावईबापू."

मी केली.